सोळा हजार मितींमधला कोन

१४ सप्टेंबर २०१५. आपल्याकडे दुपारचे ३ वाजून २० मिनिटे झाली होती. अमेरिकेत लुइझियाना राज्यातल्या लिव्हिंग्स्टन इथे, ‘लायगो’ या शोधक यंत्राच्या काटकोनात बसवलेल्या चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्यांमध्ये, आरशांमधली अंतरे किंचित कमीजास्त झाली. किंचित म्हणजे प्रोटॉनच्या रुंदीच्या सुमारे चारशेव्या हिश्श्याइतकी! याच प्रमाणात आपल्या सर्वांत जवळच्या ताऱ्यापर्यंतचे सव्वाचार प्रकाशवर्षांचे अंतर बदलले, तर तो बदल ०.०४ मिलिमीटर भरेल. केसाच्या जाडीहूनही कमी. सात मिलिसेकंदांनी तोच थरथराट तीन हजार किलोमीटरवरच्या हॅनफर्डच्या तशाच दुसऱ्या यंत्रापर्यंत पोचला.

तो निघाला होता सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवरून. सूर्याच्या ३६ पट आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरे एकमेकांत मिसळली आणि जवळजवळ तीन सूर्यांइतके वस्तुमान सेकंदाच्या लहानशा अंशात गुरुत्वीय लहरींच्या रूपाने बाहेर पडले. आपला सूर्य प्रकाश देताना दर सेकंदाला सुमारे ४२ लाख टन वस्तुमान गमावतो. त्या वेगाने तेवढे वस्तुमान खर्ची पडायला ४५ लाख कोटी वर्षे लागतील. विश्वाचे वय आहे १,३८० कोटी वर्षे.

या लहरी म्हणजे अवकाशाच्या वक्रतेतली हालचाल. तिचे गणित बेर्नहार्ट रीमानने १० जून १८५४ रोजी ग्यॉटिंगनमध्ये दिलेल्या व्याख्यानातून सुरू झाले. तो २७ वर्षांचा होता, समोर त्याचा गुरू गाउस बसलेला होता. अवकाशाचा आकार घरबसल्या गृहीत धरून चालणार नाही, तो अनुभवातूनच ठरवावा लागेल, असे त्याने तेव्हाच सांगितले. चार मितींमध्ये वक्रतेचे २५६ घटक लिहावे लागतात. सममितीमुळे त्यांतले २० च स्वतंत्र उरतात. १९१२ मध्ये गणितज्ञ मित्र मार्सेल ग्रोसमानच्या मदतीने आइन्स्टाइन या गणिताशी भिडला आणि नोव्हेंबर १९१५ मध्ये त्याची गुरुत्वाकर्षणाची समीकरणे पूर्ण झाली.

इथवरची गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक असते. मला अधिक थक्क करते ती दुसरी भूमिती, लहर शोधण्याची. तिचा मोठा भाग पुण्यात, आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन केंद्रात घडला. संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी पहिली लहर सापडण्याच्या वीसेक वर्षे आधीच या शोधाची पद्धत बांधायला घेतली होती.

शोधक यंत्र सेकंदाला १६,३८४ नोंदी करते. कागदावरचा बिंदू दोन आकड्यांनी ठरतो, खोलीतला तीन आकड्यांनी. मग एका सेकंदाची नोंद म्हणजे १६,३८४ मितींच्या अवकाशातला एक बिंदू, एक दिशा. अपेक्षित लहर ही दुसरी दिशा. दोन्हींमधला कोन मोजायचा, शाळेतल्याच कोसाइनने. एवढ्या मितींमध्ये कुठल्याही दोन दिशा डोळे मिटून निवडल्या, तरी त्यांच्यातला कोन काटकोनापासून बहुधा एक अंशही ढळत नाही! कारण हा फरक साधारण मितींच्या वर्गमुळाने आटतो, आणि १६,३८४ चे वर्गमूळ १२८. म्हणून निव्वळ गोंगाट अपेक्षित लहरीशी जवळपास काटकोनातच राहतो. नोंद तिच्याकडे थोडी जरी कलली, तरी ते कळते.

पण कृष्णविवरे किती जड, किती वेगाने स्वतःभोवती फिरणारी, हे आधी ठाऊक नसते. म्हणून नमुना-लहरींचा साठा लागतो. ठिपक्यांच्या रांगोळीसारखे हे नमुने मांडायचे, कुठलीही खरी लहर जवळच्या ठिपक्यापासून फार लांब पडू नये असे. दोन नमुन्यांमधले ‘अंतर’ इथे जुळणी किती घटते यावरून ठरते, आणि ते मोजायची रीत रीमानचीच. २०१५ च्या शोधात असे सुमारे अडीच लाख नमुने होते. निव्वळ गोंगाटातून इतकी ठळक जुळणी २,०३,००० वर्षांत सरासरी एकदाहून कमी वेळा होईल, असा हिशोब निघाला.

लहर आकाशात कुठून आली, हे मात्र नीट कळले नाही. दोन यंत्रांच्या वेळांवरून ६०० चौरस अंशांचा पट्टा मिळाला. त्यात तीन हजार पूर्णचंद्र मावतील. ऑगस्ट २०१७ मध्ये इटलीतले व्हर्गो हे यंत्रही सोबतीला होते, तेव्हा एका लहरीचा पट्टा २८ चौरस अंशांवर आला आणि दुर्बिणींनी तिचा उगम शोधून काढला. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २,६०० कोटी रुपये मंजूर केलेले लायगो-इंडिया हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ व्हायचे आहे. अमेरिका आणि युरोप या दोन्हींपासून ते दूर असल्याने लहरीच्या वेळांमधला फरक मोठा मिळेल आणि दिशा अधिक नेमकी ठरेल.