मॅग्नमचा धक्का कमी करताना
.44 मॅग्नम हे रिव्हॉल्व्हरचे काडतूस अमेरिकेत 1955 साली आले. त्यामागे आयडाहोच्या एल्मर कीथ यांचे अनेक वर्षांचे प्रयोग होते. साडेपंधरा ग्रॅमची गोळी, वेग सेकंदाला 400 मीटरच्या आसपास. धक्का मनगटात शिरतो. म्हणून घरी काडतुसे भरणारे तिथले नेमबाज सरावापुरता वेग 275 मीटरच्या आसपास आणतात.

मात्र नेहमीचीच दारू कमी घालणे घातक! मॅग्नमची संथ जळणारी दारू अर्धवट भरलेल्या पुंगळीत नीट पेटेलच असे नाही. गोळी नळीत अडकली आणि पुढचा बार काढला, तर नळीच फुटू शकते. हलक्या काडतुसासाठी जलद जळणारी दारू लागते, तीही उत्पादकाच्या छापील तक्त्यानुसारच. ती इतकी थोडी असते की चुकून दुप्पट पडली तरी पुंगळीत मावते. म्हणून गोळी बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीत डोकावून पाहायलाच हवे.

भरायचेच नसेल, तर जुने .44 स्पेशल काडतूस त्याच रिव्हॉल्व्हरमध्ये चालते. त्याची पुंगळी मॅग्नमपेक्षा जेमतेम 3 मिलिमीटर आखूड आहे.