बनी तो बनी : रेफर ऑल्स्टनची फिरस्ती

'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ही म्हण बाहेरचे लोक आपल्या परभणीकरांना चिडवायला वापरतात आणि आपणही ती हसत हसत पुढं ढकलतो. रेफर ऑल्स्टनच्या कानावर ती कधी पडली असेल असं वाटत नाही. पण न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात १९७६ साली जन्मलेल्या या बास्केटबॉलपटूची सगळी कारकीर्द याच एका ओळीवर चालली. एका गावात जमलं नाही की दुसरं गाव, तिथं बिनसलं की तिसरं. त्याच्या नशिबानं 'नहीं तो' म्हटल्यावर जायला त्याच्याकडं कायम कुठलीतरी जागा होती. मला त्याच्या खेळाइतक्याच या जागाही महत्त्वाच्या वाटतात.

न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात १५५व्या रस्त्यावर रकर पार्क नावाचं डांबरी कोर्ट आहे. होलकोम रकर या गृहस्थानं गरीब वस्तीतल्या पोरांसाठी १९५०च्या सुमारास उन्हाळी स्पर्धा सुरू केल्या, त्यांच्या नावाचं हे कोर्ट. विल्ट चेंबरलेन, ज्युलियस अर्व्हिंग यांच्यासारखे मातब्बर इथं येऊन खेळून गेले. सामना चालू असताना हातात माईक घेतलेला निवेदक कोर्टाच्या कडेला उभा असतो आणि खेळाडूंना टोपणनावं देतो. आपल्याकडच्या टेनिस बॉलच्या स्पर्धांत लाउडस्पीकरवरचा समालोचक एखाद्या पोराला एका षटकारात 'परभणी एक्सप्रेस' करून टाकतो, तसलाच हा प्रकार. चेंडू टप्प्याटप्प्यानं खेळवत मध्येच लहान मुलासारखी उडी घेत धावणाऱ्या ऑल्स्टनला ड्यूक टँगो या निवेदकानं एका बालगीतावरून 'स्किप टू माय लू' म्हटलं. ते नाव त्याला जन्मभर चिकटलं.

पण रस्त्यावरचं नाव पोट भरत नाही. याच हार्लेमनं अर्ल मॅनिगॉल्ट नावाचा खेळाडू पाहिला होता. करीम अब्दुल जब्बारसारख्यानं ज्याचं जाहीर कौतुक केलं, तो हेरॉइनच्या नादी लागला, तुरुंगात गेला आणि एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचा एकही सामना न खेळता मे १९९८मध्ये वारला. पुढच्याच महिन्यात एनबीएच्या निवड सोहळ्यात ३९व्या क्रमांकावर मिलवॉकी बक्स संघानं ऑल्स्टनचं नाव पुकारलं.

रस्त्यावरचं कोर्ट ते एनबीए यांच्या मधे काय घडलं, ते नीट पाहायला हवं. ऑल्स्टनचं वर्गात मन लागत नव्हतं. अभ्यासातल्या गुणांअभावी कार्डोझो शाळेच्या संघातही त्याला फारसं खेळता आलं नाही. मात्र त्या शाळेचे प्रशिक्षक रॉन नॅक्लेरिओ यांनी पोराला सोडलं नाही. त्याच्या खेळाचं चित्रण त्यांनी सांभाळून ठेवलं आणि पुढं अँड वन या बूट-कपड्यांच्या कंपनीच्या हाती दिलं. चित्र अंधुक, हलणारं, पण कंपनीतली माणसं पाहून वेडी झाली. त्याला हिपहॉप संगीताची जोड देऊन १९९९मध्ये 'मिक्सटेप' निघाली आणि दुकानांत खरेदीवर ती फुकट वाटली गेली. गल्लीतला बास्केटबॉल जगभर गेला तो या टेपांमुळं.

ही टेप निघण्याआधीच्या वर्षांत ऑल्स्टन देशाच्या दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियात, दोन वर्षांचे अभ्यासक्रम असलेली साधी महाविद्यालयं करत होता. आधी व्हेंचुरा, मग फ्रेस्नो सिटी, आणि शेवटी फ्रेस्नो स्टेट विद्यापीठ. तिथले प्रशिक्षक जेरी टार्केनियन इतरांनी नाकारलेल्या पोरांना संधी देण्यासाठी प्रसिद्ध, आणि त्यासाठी टीकेचे धनीही होते.

निवड झाली त्या हंगामाच्या सुरुवातीला मालक-खेळाडूंच्या वादामुळं एनबीएलाच टाळं होतं. ऑल्स्टन खालच्या लीगमध्ये आयडाहोच्या संघाकडून खेळला. मग मिलवॉकीत तीन हंगाम बहुतेक बाकावर बसून काढले. तिथं सॅम कसेल हा मुरलेला पॉइंट गार्ड होता आणि प्रशिक्षकाला खेळात करामत नको होती. पॉइंट गार्डचं काम म्हणजे चेंडू पुढं आणणं, २४ सेकंदांच्या आत कोण कुठं मोकळा होतो ते हेरून चेंडू त्याच्याकडं पोचवणं, आणि तो गमावणं तर मुळीच नाही. रकर पार्कवर समोरच्याला फसवून पाडलं की लोक कोर्टात धावत येतात. इथं त्याच हालचालीत चेंडू निसटला की प्रशिक्षक तुम्हाला उठवून दुसऱ्याला पाठवतो. २००२मध्ये तो पुन्हा खाली, अलाबामातल्या मोबाइल गावच्या संघात गेला. तिथून टोरांटोनं बोलावलं.

त्यानंतर मायामी, परत टोरांटो आणि मग ह्यूस्टन. टोरांटोत त्याचं प्रशिक्षकाशी बिनसलं. ह्यूस्टनमध्ये मात्र यौ मिंग आणि ट्रेसी मॅकग्रेडी यांच्यासोबत तो स्थिरावला. २००८च्या हंगामात ह्यूस्टननं सलग २२ सामने जिंकले. बारा विजय झाल्यावर यौच्या पायाचं हाड दुखावलं, तो हंगामाबाहेर गेला, तरी घोडदौड थांबली नाही. त्या संघाचा चेंडू ऑल्स्टनच्या हातात होता. पुढं प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, दुखापतीमुळं तो पहिले दोन सामने खेळला नाही आणि दोन्ही ह्यूस्टननं गमावले. परतला तो तिसरा सामना जिंकूनच. रस्त्यावरच्या टेपमध्ये न दिसणारा हा खेळ मला जास्त मोलाचा वाटतो.

फेब्रुवारी २००९मध्ये त्याला ऑर्लँडोनं घेतलं, कारण त्यांचा गार्ड जमीर नेल्सन जखमी झाला होता. क्लीव्हलँडविरुद्ध एका सामन्यात ऑल्स्टननं २६ गुण केले. लेब्रॉन जेम्सचा हा संघ घरी गेला, ऑर्लँडो अंतिम फेरीत. तिथं लेकर्सविरुद्धच्या तिसऱ्या सामन्यात त्याचे २० गुण झाले आणि ऑर्लँडोनं १०८-१०४ अशी बाजी मारली. अंतिम फेरीतला हा त्या संघाच्या इतिहासातला पहिला विजय. पण नेल्सन बरा होऊन परतला होता, आणि चौथ्या सामन्याच्या मोक्याच्या वेळी ऑल्स्टन बाकावर होता. लेकर्सनी मालिका ४-१ अशी जिंकली. महिना संपायच्या आत ऑर्लँडोनं त्याला न्यू जर्सीला देऊन टाकलं. त्या संघानं पुढचा हंगाम सलग १८ पराभवांनी सुरू केला! मग पुन्हा मायामी. तिथं न सांगता गैरहजर राहिल्यामुळं निलंबन झालं आणि एनबीएचं दार बंद झालं. शेवटी थोडा काळ चीनमधल्या चेजिआंगच्या संघात.

तो सरळमार्गी माणूस नव्हता. बोस्टनच्या एडी हाउसच्या डोक्यावर टपली मारल्याबद्दल ऐन प्लेऑफमध्ये त्याला एका सामन्याला मुकावं लागलं होतं. पण रस्त्यावरून आलेला माणूस जगातल्या सर्वांत कठीण लीगमध्ये अकरा हंगाम टिकला, याला मी त्या मिक्सटेपपेक्षा मोठी करामत मानतो.

आपल्याकडं रस्त्यावरचा बास्केटबॉल नाहीच असं नाही. मुंबईच्या नागपाड्यात १९२७मध्ये स्थापन झालेल्या नेबरहुड हाउसच्या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या पोरं खेळत आली. अर्जुन पुरस्कार मिळवणारे अब्बास मुंतसिर याच नागपाड्याचे. वाराणसीचा विशेष भृगुवंशी हा भारताचा गार्ड २०१७मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या संघापर्यंत पोचला. २०१५मध्ये पंजाबच्या सतनाम सिंगला डॅलसनं ५२व्या क्रमांकावर निवडलं. मात्र देशात व्यावसायिक लीग आल्या आणि गेल्या. इंडियन नॅशनल बास्केटबॉल लीग तर २०२२मध्ये सुरू झाली. शाळा संपली की पुढं कुठं खेळायचं, याला परभणी, सेलू, जिंतूरच्या पोराकडं आजही धड उत्तर नाही.

ऑल्स्टनला आयडाहो आणि मोबाइल मिळालं, तसं आपल्या पोरांना शाळा आणि मोठी लीग यांच्या मधलं काहीतरी मिळायला हवं. त्याला मोठ्या स्टेडियमची गरज नाही. शाळा-महाविद्यालयांनी संध्याकाळी कोर्टाचं फाटक उघडं ठेवावं, तालुक्या-तालुक्यांत दरवर्षी न चुकता एक लीग भरवावी आणि क्रीडाशिक्षकांनी चांगल्या पोराचा खेळ फोनवर टिपून योग्य प्रशिक्षकाकडं पाठवावा. यंदाच्या सुट्टीपासून सुरुवात केली तरी चालेल.