क्विक कपलरचं लॉक: बकेट नेमकी कशाच्या भरवशावर लटकते?

पोकलेनची बकेट काढून ब्रेकर चढवायचा, हे आपल्याकडे बऱ्याच साइटवर अजूनही घण आणि दोन हेल्परांचं काम आहे. जाड पिना ठोकून बाहेर काढायच्या, आर्म सरकवून ब्रेकरची भोकं जुळवायची आणि बोटं सांभाळत त्याच पिना पुन्हा ठोकायच्या. ठोकताना पोलादाची कपची उडून डोळा गेल्याचे, भोकं जुळवताना बोट चेचल्याचे किस्से जुन्या ऑपरेटरांकडे हमखास असतात. काळा पाषाण फोडायचा, मुरूम भरायचा, पुन्हा फोडायचा, अशा कामात ही अदलाबदल एकाच पाळीत अनेकदा करावी लागते.

क्विक कपलर आला तो या कटकटीवर उपाय म्हणून. हा आर्मच्या टोकाला कायमचा बसवलेला जबडा असतो. त्याचा पुढचा आकडा बकेटच्या एका पिनेत अडकवायचा, बकेट आत वळवायची, की दुसरी पिन मागच्या खाचेत येऊन बसते. मग एक छोटा हायड्रॉलिक सिलेंडर सरकता आकडा किंवा पाचर पुढे ढकलून ती पिन पकडतो. ऑपरेटरला केबिनमधून उतरावंही लागत नाही आणि सारं काम मिनिटभरात आटोपतं.

या जबड्याविषयी साइटवर दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक म्हणतो, ‘असल्या बटणावरच्या गोष्टीचा काय भरवसा, पिन ती पिन.’ दुसरा म्हणतो, ‘कंपनीनं बनवलंय, लॉक असणारच.’ मला दुसरा जास्त धोक्याचा वाटतो. पहिला निदान बकेटपासून लांब तरी उभा राहतो.

वीस टनी मशीनची रिकामी बकेट साधारण 800 किलोच्या आसपास भरते आणि ब्रेकरचं वजन तर दीड टनाच्या पुढे जातं. अशी बकेट 3 मीटरवरून सुटली तर पाऊण सेकंदाच्या जरा वर वेळात जमिनीवर येते, आणि आपटताना तिचा वेग ताशी 28 किलोमीटरच्या घरात असतो. एवढ्या वेळात माणसाला मान वर करून बघायलाही सवड मिळत नाही. ‘ओरडलो की पोरगा बाजूला होईल’ हा हिशोब इथे चालत नाही.

‘प्रेशर आहे तोवर बकेट पडत नाही’

सगळ्यात पसरलेला आणि सगळ्यात चुकीचा समज हाच. दार कुणीतरी आतून दाबून धरणं आणि दाराला कडी घालणं यात जो फरक आहे, तोच तेलाच्या दाबात आणि लॉकमध्ये आहे. दाब म्हणजे धरून ठेवलेला जोर. होज फुटली, सील झिजलं, इंजिन बंद पडलं किंवा व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला की तो जोर ओसरतो.

तो किती सहज ओसरतो, हे गणितानं पाहू. कपलरच्या सिलेंडरचा आतला व्यास 6 सेंटिमीटर धरला तर त्याचं क्षेत्रफळ सुमारे 28 चौरस सेंटिमीटर होतं. म्हणजे दाबाच्या बाजूचं फक्त 28 मिलिलिटर तेल, जेमतेम दोन मोठे चमचे, झिरपून गेलं की पिस्टन 1 सेंटिमीटर मागे सरकू शकतो. एवढी गळती बाहेरून दिसेलच असं नाही. पिस्टनवरचं सील झिजलेलं असेल तर तेल सिलेंडरच्या आतल्या आतच एका बाजूकडून दुसरीकडे जातं आणि जमिनीवर थेंबही पडत नाही.

यावर हमखास उत्तर येतं, ‘चेक व्हॉल्व्ह आहे ना!’ तो असतो आणि हवाच. होज फुटली तर सिलेंडरमधलं तेल अडकवून ठेवणं हे त्याचं काम आहे. पण तो सिलेंडरवरच थेट बसवलेला असावा लागतो. व्हॉल्व्ह एकीकडे, सिलेंडर दुसरीकडे आणि मध्ये होज अशी जोडणी असेल, तर नेमकी तीच होज फुटल्यावर व्हॉल्व्हचा उपयोग शून्य. शिवाय आतल्या सीलची गळती तो थांबवू शकत नाही. आणि पिन मुळात पकडीत आलेलीच नसेल, तर चेक व्हॉल्व्ह इमानदारीनं रिकामा आकडा धरून बसतो.

म्हणून चांगल्या कपलरमध्ये तेलाखेरीज लोखंडाचा अडसर असतो. आकडा पुढे गेला की त्याच्या मागे एक खिटी किंवा दांडी स्प्रिंगनं किंवा स्वतःच्या वजनानं पडते, आणि ती उचलल्याशिवाय आकडा मागे येऊच शकत नाही. पाचरेच्या कपलरमध्ये पाचरेचा उतार इतका कमी ठेवलेला असतो की पिनेच्या धक्क्यानं ती मागे सरकत नाही, आणि वर स्प्रिंगचा रेटा असतो. सिलेंडरमधलं सगळं तेल गेलं तरी बकेट जागेवर राहिली पाहिजे, ही खरी कसोटी.

विजेच्या बाबतीतही असाच एक उलटा समज आहे. बटण दाबलं की लॉक लागतं, असं अनेकांना वाटतं. नीट रचलेल्या कपलरमध्ये वीज लागते ती लॉक उघडायला. सोलेनॉइडला वीज मिळाली नाही, वायर तुटली किंवा फ्यूज उडाला, तर लॉक बंदच राहायला हवं. उघडण्याचं बटणही एका चुकून लागलेल्या कोपरानं दाबलं जाईल असं नसावं. बहुतेक जागी स्विचला खटका उचलून मग सरकवावं लागतं, आणि काही कपलर तर बकेट पूर्ण आत वळवून दाब दिल्याशिवाय उघडतच नाहीत.

‘बझर थांबला, म्हणजे लॉक लागलं’

इथे जरा थांबायला हवं, कारण लॉक शाबूत असूनही होणारे अपघात इथेच दडलेले असतात. बझर किंवा दिवा आपल्याला नेमकं काय सांगतो, ते तो कशाला जोडलाय त्यावर ठरतं. काही ठिकाणी तो फक्त स्विच कोणत्या स्थितीत आहे ते सांगतो. काही ठिकाणी तेलाचा दाब, काही ठिकाणी सिलेंडर किती पुढे गेलाय ते. पिन आकड्यात आहे का, हे यातलं एकही सांगत नाही.

आता दोन प्रसंग डोळ्यांसमोर आणा. पहिल्यात पुढची पिन आकड्यात नीट आहे, पण मागची पिन खाचेत पूर्ण उतरलेली नाही, थोडी बाहेरच राहिली आहे. ऑपरेटरनं बटण सोडलं. सरकता आकडा पुढे आला तो मोकळ्या हवेत. सिलेंडरचा पल्ला पूर्ण झाला, दाब चढला, बझर गप्प झाला. बकेट आत वळवलेली असते तेव्हा ती स्वतःच्या वजनानं कपलरवर टेकून राहते आणि केबिनमधून सारं ठीकठाक दिसतं. आर्म पसरून बकेट उघडली की मग ती पुढच्या पिनेवर लोंबकळते, आणि एका हिसक्यात ती पिनही निसटते.

दुसऱ्या प्रसंगात उलटं होतं. मागची पिन पकडली गेली, पण पुढची आकड्याच्या तोंडावरच अडकली. कारण बहुधा साधं असतं: माती. पावसाळ्यात आपली काळी माती कपलरच्या खाचेत अशी गच्च बसते की फावड्यानं खरवडून काढावी लागते. खडीचा एखादा तुकडाही पुरतो. पिन आकड्याच्या तळाला टेकत नाही आणि बकेट एका पिनेवर काम करत राहते, कधी कधी बराच वेळ. म्हणून हा अपघात अदलाबदल करतानाच होईल असं नाही, तो तासाभरानं खंदकावर बकेट नेताना होऊ शकतो.

याच कारणानं नव्या रचनांमध्ये पुढच्या आकड्यालाही स्वतंत्र खिटी दिलेली असते. मागचं लॉक फसलं तरी पुढची पिन आकड्यातून बाहेर पडत नाही. बकेट झुलते, पडत नाही. कपलर विकत घेताना पैसे कुठे वाचवायचे यावर मतभेद असू शकतात, पण दोन्ही पिनांना लॉक असलेला कपलर महाग म्हणून नाकारणं मला हिशोबात बसत नाही.

‘सेफ्टी पिन लावली नाही, चूक ऑपरेटरची’

कपलरचे तीन प्रकार असतात. मॅन्युअलमध्ये सगळंच हातानं करायचं. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये आकडा केबिनमधून सरकतो, पण शेवटची सेफ्टी पिन खाली उतरून हातानं घालायची असते. पूर्ण ऑटोमॅटिकमध्ये उतरायची गरज नसते. यातला मधला प्रकार घातकी. अर्धं काम बसल्या जागी होतं, बकेट उचलली जाते, चालते, खोदते, आणि ती पिन दाराच्या खिशात किंवा सीटखाली राहते. ब्रिटनची आरोग्य व सुरक्षा यंत्रणा एचएसई हेच सांगत आली आहे, की मॅन्युअल आणि सेमी-ऑटोमॅटिक कपलरची सेफ्टी पिन न घातल्यामुळे गंभीर आणि प्राणघातक अपघात झाले आहेत.

ऑपरेटरला चार शब्द सुनावून हा प्रश्न सुटला असता तर केव्हाच सुटला असता. चिखलात दर वेळी खाली उतरून, वाकून पिन घालायला लावणारी रचना ही माणसाच्या शिस्तीवर टाकलेला भार आहे, आणि मुकादम मागून ‘चल आवर’ म्हणत असतो तेव्हा तो भार सर्वात आधी गळून पडतो. अमेरिकेच्या ओशा या यंत्रणेनं 2004 मध्ये बकेट अचानक सुटण्याच्या धोक्यावर खास पत्रक काढलं. ऑस्ट्रेलियानं 2008 मध्ये एक्स्कॅव्हेटर आणि बॅकहो लोडरच्या कपलरसाठी वेगळं मानक केलं. युरोपनं माती हलवणाऱ्या यंत्रांच्या ईएन 474 या मानकात 2013 मध्ये दुरुस्ती केली, आणि 2016 मध्ये कपलरच्या सुरक्षेपुरतं आयएसओ 13031 हे आंतरराष्ट्रीय मानक आलं. या सगळ्यांचा रोख यंत्राच्या रचनेवर आहे. लावणारा जोर गेला तरी लॉक राहिलं पाहिजे, ते चुकून उघडता कामा नये आणि लागलंय की नाही हे ऑपरेटरला तपासता आलं पाहिजे. माणूस विसरणार, हे त्यात गृहीत धरलेलं आहे.

म्हणून ‘ऑटोमॅटिक आहे, बघायची गरज नाही’ हेही तितकंच खोटं. खाली उतरायची गरज नाही, एवढंच. बघायची गरज आहेच. बकेट आत वळवून, नजरेच्या उंचीला आणून, लॉकची खूण किंवा झेंडी दिसते का ते पाहायचं. काच मळलेली असेल तर आधी काच पुसायची. दिसलंच नाही तर उतरून पाहायचं, पण बकेट जमिनीवर टेकवून, इंजिन बंद करून.

‘वर उचलून दोन हिसके दिले, पडली नाही’

पडली असती तर? चाचणी करायची तर ती बकेट जमिनीलगत ठेवून. दात जमिनीवर टेकवायचे, वरून दाब द्यायचा आणि बकेट आत-बाहेर ओढून पाहायची. मागची पिन सुटी असेल तर ती जबड्यातून उचललेली लगेच दिसते आणि बकेट फार तर वीतभर खाली बसते. या वेळी मशीनच्या फिरण्याच्या टापूत कुणी नको. काही उत्पादक यानंतर कमी उंचीवर बकेट हलवूनही पाहायला सांगतात. आपल्या कपलरच्या पुस्तिकेत असेल ते करावं. ही चाचणी प्रत्येक जोडणीनंतर करायची. सकाळी एकदा केली म्हणजे दिवसभराची सोय झाली, असं नाही.

‘पिन बसली की कोणतीही बकेट चालते’ हा समज भाड्याच्या बाजारात फार चालतो. पिनेचा व्यास आणि दोन पिनांमधलं अंतर, दोन्ही कपलरशी जुळलं पाहिजे. अंतर थोडं कमी-जास्त असलं तरी बकेट अडकते, उचललीही जाते, पण आकडा पिनेला पूर्ण कवेत घेत नाही. झिजलेली पिन आणि वेल्डिंग करून भरलेला आकडा यांनाही हेच लागू.

वजन उचलण्याविषयीही बोललं पाहिजे, कारण आपल्याकडे पोकलेननं पाइप उतरवणं रोजचं आहे. बकेट तशीच ठेवून तिच्या दाताला साखळी बांधू नये. बकेट काढावी, उत्पादकानं दिलेल्या उचलण्याच्या कडीलाच साखळी लावावी, आणि मशीनच्या क्षमतेतून कपलरचं वजन वजा करावं. तसंच, कपलरमुळे बकेटचे दात पिनेपासून थोडे लांब जातात आणि खोदण्याचा जोर काहीसा घटतो, ही तक्रार मात्र खरी आहे. पिनेवर थेट बकेट लावणाऱ्यांचं तेवढं म्हणणं मान्य करायला हवं.

मशीन भाड्यानं घेताना दर तासाचा भाव विचारतो, डिझेल कुणाचं ते विचारतो. त्याच वेळी मालकाला सांगा: कपलर समोर उघडून-लावून दाखव, लॉकची खिटी कुठे आहे ते बोटानं दाखव, चेक व्हॉल्व्ह सिलेंडरवर आहे का ते दाखव, आणि सेमी-ऑटोमॅटिक असेल तर सेफ्टी पिन आत्ता कुठे आहे ते सांग. तो पिन शोधायला लागला, तर त्या कपलरनं काम सुरू करू देऊ नका. बकेट थेट आर्मला पिना ठोकून लावायला सांगा.