विनंत्यांचा बंदोबस्त आणि त्याची रुजुवात

सर्व्हरच्या दारी आलेली प्रत्येक विनंती पुरी झालीच पाहिजे, हा औदार्याचा नियम व्यवहारात फार काळ टिकत नाही. पासवर्ड हुडकण्यासाठी क्षणाक्षणाला नवा प्रयत्न करणारे एखादे उपद्रवी यंत्र, सबंध संकेतस्थळाचा मजकूर उचलून नेऊ पाहणारी एखादी आज्ञावली, किंवा निकालाच्या दिवशी अधीर होऊन तेच पान पुन्हा पुन्हा उघडणारा एखादा निरुपद्रवी विद्यार्थी, या सर्वांचा भार एकाच यंत्रावर पडतो. आणि त्यांना वेळीच आवरले नाही, तर निमूटपणे आपली पाळी पाहणारा मनुष्य ताटकळत राहतो. या आवरण्याच्या व्यवस्थेस धंद्यातील मंडळी ‘रेट लिमिट’ म्हणतात. ती बसविणे हे दोन ओळींचे काम आहे. ती लिहिल्या हुकमाप्रमाणे वागते की नाही याची रुजुवात घेणे मात्र बरेच नाजूक प्रकरण आहे.

उदाहरणादाखल एन्जिनएक्स हा सर्व्हर घेऊ. इगोर सिसोयेव्ह या रशियन अभियंत्याने 2002 साली रचावयास घेतलेला आणि ऑक्टोबर 2004 मध्ये सर्वांसाठी खुला केलेला हा सर्व्हर एका वेळी हजारो जोडण्या सांभाळण्याच्या ईर्षेतून जन्मला. त्यातील विनंत्या आवरणारे मॉड्यूल ‘गळकी बादली’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या पद्धतीने चालते : पाणी वरून कसेही ओता, खालून ते ठरल्या गतीनेच ठिबकणार, आणि बादली भरल्यावर वरचे सांडून जाणार. विनंती ज्या आयपी पत्त्यावरून येते, त्या प्रत्येक पत्त्याचे एक खाते सामाईक मेमरीत उघडले जाते. 64 बिटी यंत्रावर अशा खात्यास 128 बाइट लागतात, म्हणजे एका मेगाबाइटच्या दप्तरात सुमारे 8,000 पत्ते मावतात. हिशेब मात्र मिलिसेकंदाचा असतो, आणि नवशिक्याची फसगत येथेच होते. ‘सेकंदाला 10’ असे लिहिले म्हणजे सेकंदभरात केव्हाही दहा विनंत्या चालतील अशी त्याची समजूत असते. सर्व्हर त्याचा अर्थ दर 100 मिलिसेकंदांस एक असा लावतो, आणि एकदम आलेल्या दहांपैकी नऊ परत पाठवितो. चित्रांसह एकच पान डझनभर विनंत्या करीत असते, हे ध्यानात घेता हा न्याय फारच कठोर होतो. सबब ‘बर्स्ट’ नावाची ठराविक मुभा जोडावी लागते.

आता परीक्षा पाहू. दर मिनिटाला 30 आणि बर्स्ट 5 असा बंदोबस्त केला, आणि ‘सीज’सारख्या साधनाने एकाच क्षणी दहा विनंत्या सोडल्या, तर एक तत्काळ मंजूर होते, पाच तहकूब राहून 2, 4, 6, 8 आणि 10 सेकंदांनी निकालात निघतात, आणि उरलेल्या चार नामंजूर होतात. ‘नोडिले’ हा शब्द जोडल्यास सहाही तत्काळ सुटतात. परंतु त्यांची रक्कम खात्यावर चढलेलीच राहते, आणि ती दोन सेकंदांस एक या गतीनेच फिटते. म्हणून चार सेकंद उलटून गेल्यावर पुन्हा दहांची फैर झाडली, तर या खेपेस केवळ दोन मंजूर होतात. पहिल्या फैरीत नाकारलेल्या चारांचा भार खात्यावर पडलेला नसतो, ही गोष्ट या आकड्यावरूनच सिद्ध होते. एकाच फैरीवर समाधान मानणाऱ्या परीक्षकास बादलीची खोली कळते, गळती कळत नाही. आणि दराची खरी परीक्षा गळतीतच असते.

नकाराची भाषाही तपासावी लागते. न सांगितल्यास एन्जिनएक्स 503 हा संकेत देतो, ज्याचा अर्थ सेवा तूर्त उपलब्ध नाही असा होतो, आणि त्यामुळे देखरेखीची यंत्रणा सर्व्हर कोसळल्याचा बोभाटा करू शकते. अति विनंत्यांसाठी 429 हा स्वतंत्र संकेत एप्रिल 2012 च्या आरएफसी 6585 ने नेमून दिला. तो द्यावयाचा, तर तसा स्पष्ट हुकूम लिहावा लागतो.

याहून मोठा दोष खाते कोणाच्या नावाने उघडले जाते, यात दडलेला असतो. सर्व्हरपुढे विनंत्या वाटून देणारा लोड बॅलन्सर असेल आणि मूळ पत्ता ओळखण्याची तजवीज केलेली नसेल, तर सारे जग एकाच पत्त्यावरून आल्यासारखे दिसते, आणि एकाच्या अपराधाची शिक्षा सर्वांस होते. उलट, पाहुण्याने स्वतः सांगितलेल्या पत्त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवला, तर लबाड मनुष्य प्रत्येक विनंतीस नवे नाव सांगून निसटतो. एका महाविद्यालयातील शेकडो विद्यार्थी एकाच सार्वजनिक पत्त्याआडून येतात, तेव्हा यंत्राने चोख हिशेब ठेवूनही अन्याय घडू शकतो. प्रत्यक्ष रहदारीत याचा अंदाज घेण्यासाठी एन्जिनएक्सच्या 1.17.1 या आवृत्तीपासून ‘ड्राय रन’ची सोय आहे : हिशेब चालतो, लॉगमध्ये नोंद होते, परंतु कोणालाही परत पाठविले जात नाही.

नकार मिळाले की परीक्षा पुरी झाली, असा सर्वसाधारण शिरस्ता दिसतो. परंतु नकार बंद पडलेला सर्व्हरही देतोच. म्हणून फैर चालू असतानाच दुसऱ्या पत्त्यावरून एक साधी, सावकाश विनंती पाठवावी, तिला लागलेला वेळ नोंदवावा, आणि तो एरवीच्या वेळाशी ताडून पाहावा. तो बिघडला असेल, तर नकारांचे आकडे कितीही बिनचूक जुळले तरी हा बंदोबस्त नापास ठरवावा.