खिडकीच्या पडद्याची दोरी आणि घरांतील मूल

घरांतील कोणत्या वस्तूंपासून लहान मुलांस जपावें लागतें असें विचारलें, तर कोणतीही गृहिणी विस्तव, सुरी, औषधाची बाटली आणि विजेचें बटण हीं नांवें तत्काळ सांगेल. खिडकीच्या पडद्याची दोरी या यादींत सहसा यावयाची नाहीं. ती दिसावयास निरुपद्रवी, हातास मऊ आणि वजनानें क्षुल्लक. परंतु शहरांतील नव्या घरांतून सळईवरच्या कापडी पडद्याची जागा आतां आडव्या पट्ट्यांचे किंवा गुंडाळले जाणारे ब्लाइंड घेऊं लागले आहेत. त्यांच्याबरोबर ओढण्याची दोरी किंवा मण्यांची सांखळीही घरांत आली आहे. म्हणून तिचा स्वभाव नीट समजून घेणें अगत्याचें आहे.

प्रथम धोका कशांत आहे तें पाहूं. दोरीचीं दोन टोकें एकत्र आलीं कीं तिचा वेढा होतो, आणि वेढ्यांत डोकें शिरूं शकतें. नवजात अर्भकाचें डोकें त्याच्या देहाच्या लांबीच्या सुमारें एक चतुर्थांश असतें. प्रौढ माणसाचें सुमारें एक अष्टमांश. म्हणजे नुकतें चालूं लागलेलें मूल वरच्या बाजूस जड असतें, आणि मान मात्र कोंवळी असते. अशा मुलाच्या गळ्यांत वेढा पडून त्याचा तोल गेला, तर मागें सरून स्वतःस सोडवून घेण्याइतकी शक्ति किंवा समज त्यास नसते. यासाठीं पाय जमिनीवरून सुटावयासच पाहिजेत असेंही नाहीं; बसल्या जागीं पुढें झुकलेल्या देहाचा भारही पुरतो. ब्रिटनमधील अपघात-निवारणाचें कार्य करणारी ‘रोस्पा’ ही संस्था सांगते कीं, अशा वेळीं मूल अवघ्या १५ सेकंदांत बेशुद्ध होऊं शकतें आणि दोन-तीन मिनिटांत त्याचा प्राण जाऊं शकतो.

आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. गळा आंवळला गेला कीं आवाज फुटत नाहीं. पडलेलें मूल रडतें, भाजलेलें मूल किंकाळी फोडतें. हें मूल कोणास हांकही मारूं शकत नाहीं. म्हणून “आमचें लक्ष असतें” हें उत्तर येथें अपुरें ठरतें. उतूं जाणारें दूध उतरवून परत येण्यास लागतो तेवढाच हा अवधि आहे.

आतां एका गोड गैरसमजाकडे वळूं. दोरी लोंबकळलेली दिसूं नये म्हणून कित्येक घरांतून तिला गांठ मारतात, तिचें सुबक फूल करतात किंवा खिडकीच्या कडीवर ती अडकवून ठेवतात. खोली नीटनेटकी दिसते खरी. परंतु दोन सुट्या टोकांना निरगाठ मारली कीं तिचा पक्का फांस तयार झाला, हें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. टापटीप आणि सुरक्षितता या दोन बहिणी खऱ्या, पण त्या नेहमींच हातांत हात घालून चालत नाहींत.

या बाबतींत अमेरिकेचा अनुभव बोधप्रद आहे. तेथील ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षा-आयोगाच्या हिशोबानें, त्या देशांत पांच वर्षांखालील सरासरी सुमारें ९ मुलें दरवर्षीं अशा दोऱ्यांत गळा अडकून दगावतात. १९९५ सालीं कारखानदारांनीं ओढण्याच्या दोरीचा खालचा वेढा काढून टाकला. पुढें असें दिसलें कीं, पट्ट्यांमधून जाणारी आंतील दोरी बाहेर ओढूनही वेढा होतो. म्हणून २००० सालीं तिला अडकण बसविण्यांत आली. डिसेंबर २००९ मध्यें कापडी घड्यांच्या व गुंडाळण्याच्या सुमारें ५ कोटी पडद्यांविषयीं धोक्याची सूचना काढून दुरुस्तीची सोय करावी लागली. शेवटीं डिसेंबर २०१८ पासून, दुकानांत तयार मिळणाऱ्या पडद्यांना दोरी नसावी, असल्यास ती हातीं न लागणारी किंवा अगदीं आंखूड असावी, असा दंडक झाला. आणि जून २०२४ पासून मापानें करून घेतलेल्या पडद्यांच्या मोकळ्या दोऱ्यांवरही कडक निर्बंध आले. दोरीला वळण लावण्याचे उपाय एकामागून एक अपुरे पडले, तेव्हां कोठें दोरीच काढून टाकावी हें पटलें. कॅनडाच्या नियमांनीं तर हातीं लागणाऱ्या दोरीची मर्यादा २२ सेंटिमीटर ठरविली आहे. एवढी आंखूड दोरी लहानग्याच्याही मानेभोंवतीं वेढा घालूं शकत नाहीं.

यावरून आपण काय करावें? नवा पडदा घेतांना दोरीविरहित प्रकारच मागावा. तो खालची पट्टी हातानें उचलून वर-खालीं करतां येतो. मुलें निजतात व खेळतात त्या खोलीपासून आरंभ करावा. खर्च झेपत नसेल तर सळईवरचा साधा कापडी पडदा उत्तम. त्यास दोरी लागतच नाहीं.

जुना पडदा तूर्त ठेवावाच लागत असेल, तर पाळणा, पलंग, खुर्ची व मेज खिडकीपासून दूर सारावीं, कारण मूल चढून वर पोहोंचतें. दोरी अडकविण्याची दोन शिंगांची खुंटी भिंतींत जमिनीपासून निदान १५० सेंटिमीटर उंच बसवावी आणि प्रत्येक वेळीं दोरी तिच्यावर संपूर्ण गुंडाळावी. मण्यांची सांखळी ताणून धरणारी कडी स्क्रूनें भिंतीस पक्की करावी. नुसती लोंबणारी कडी निरुपयोगी होय. हे उपाय मात्र तात्पुरते समजावे, कारण एका दिवसाचा विसरही येथें महाग पडतो.

दुर्दैवानें प्रसंग आलाच, तर गांठ सोडवीत बसूं नये. मुलास वर उचलून दोरीवरील भार आधीं काढावा आणि दोरी सैल करावी किंवा कापावी. दुसऱ्यानें ११२ किंवा १०८ या क्रमांकावर मदत मागवावी. श्वास बंद असेल तर तत्काळ कृत्रिम श्वासोच्छ्वास व छातीवर दाब देण्यास आरंभ करावा. मूल लगेच सावध झालें तरी डॉक्टरांस दाखविल्याशिवाय राहूं नये.

आज संध्याकाळीं पडदे ओढतांना एवढेंच करा: प्रत्येक खिडकीपुढें क्षणभर गुडघे टेकून, मुलाच्या उंचीवरून वर पाहा. तेथून जी दोरी हातीं लागेल, तिचा बंदोबस्त दिवे मालवण्यापूर्वीं झालेला असूं द्या.