आठ जीबी रॅम टाकली, दिसते साडेतीनच!

यवतमाळला लागून असलेल्या लोहाऱ्यात एमआयडीसी आहे. अशा वसाहतींतल्या लहान कारखान्यांत आणि आसपासच्या सेवा केंद्रांत जुने कॉम्प्युटर अजून बिलं आणि दाखले काढत असतात. ते मंदावले की पहिला सल्ला मिळतो, रॅम वाढवा. आठ जीबी बसवली जाते, पण ३२ बिट विंडोज वापरायला जेमतेम तीन-साडेतीन जीबीच देते. मग दुकानदारावर डुप्लिकेट मालाचा आळ येतो.

अशा वेळी रॅम बहुधा चोख असते. ३२ बिटांत ४,२९,४९,६७,२९६ पत्ते मांडता येतात, म्हणजे ४ जीबी. त्यातलेही काही पत्ते ग्राफिक्स कार्डासारखे भाग अडवतात.

‘३२ बिट म्हणजे चारच जीबी’ हेही पूर्ण खरं नाही. १९९५च्या पेंटियम प्रोपासून प्रोसेसरमध्ये ३६ बिटांच्या पत्त्यांची सोय आली आणि ६४ जीबीपर्यंत वाट मोकळी झाली. ३२ बिट लिनक्सच्या अनेक आवृत्त्या ती वापरू शकतात. घरगुती विंडोजमध्ये मात्र मायक्रोसॉफ्टने ४ जीबीचीच मर्यादा ठेवली, कारण कित्येक ड्रायव्हर त्यापलीकडे कोलमडत होते.

६४ बिट घेतली की मर्यादा संपली, असंही नाही. ६४ बिट विंडोज ७ होम बेसिक ८ जीबीवर थांबते, होम प्रीमियम १६वर, प्रोफेशनल १९२वर. विंडोज १० होम १२८ जीबी घेते, प्रो २ टीबी. पण मदरबोर्ड एच६१ चिपसेटचा असेल तर १६ जीबीच्या पुढे काही चालत नाही, विंडोज कोणतीही असो. बोर्ड, प्रोसेसर आणि विंडोजची आवृत्ती यांत ज्याची मर्यादा सगळ्यांत कमी, तीच खरी.

 

म्हणून माझा आग्रह आहे की प्रत्येक कॅबिनेटवर एक चिठ्ठी चिकटवावी: बोर्डाचं मॉडेल, स्लॉट किती, रॅम जास्तीत जास्त किती, विंडोज कोणती, किती बिट. रॅमचा आकडा बोर्डाच्या मॅन्युअलमधूनच घ्यावा. बायोसकडून मिळणारा कधी कधी चुकीचा असतो. ३२वरून ६४ बिटवर जायचं तर विंडोज नव्याने टाकावी लागते. आधी हिशेबाच्या डेटाचा बॅकअप घ्या आणि जुन्या प्रिंटरचा ६४ बिट ड्रायव्हर मिळतो का ते पाहा. तो नसेल तर प्रिंटर चालणार नाही.