बिल कोण भरणार, बॉस?

'स्पॅनिश येतं' असं बायोडेटात ठासून लिहिलं की कधी ना कधी कुणीतरी परीक्षा घेणारच. माझी फोनवर झाली. स्पॅनिश ग्राहकांशी बोलायचं पार्ट टाइम काम होतं. प्रश्न सोपा: ग्राहकाने बिल भरलं का? मी झोकात ठोकलं, "पागो ला फाक्तुरा." पलीकडच्या मॅडम हसल्या. "अरे वा, तुम्ही भरताय?" काम गेलं ते गेलंच.

घोळ काय झाला? 'पा'वर जोर दिला तर 'मी भरते', 'गो'वर दिला तर 'त्याने भरलं'. स्पॅनिशमध्ये 'मी', 'तो' बहुतेक वेळा गाळतात. म्हणजे कुणी आणि केव्हा, हे दोन्ही त्या एका जोरावर! लिहिताना 'त्याने भरलं'मधल्या शेवटच्या 'ओ'वर तिरकी रेघ असते. मी ती सजावट समजत होते. मराठीत जोर हलला तर फार तर बोलणाऱ्याचा मूड कळतो, काळ बदलत नाही.

मग फंडा नीट समजून घेतला. आधी शब्द तोडायचा. दोन स्वरांमधलं एकटं व्यंजन पुढच्या स्वराकडे जातं: पा-गो. 'ब्ल', 'त्र' अशा जोड्या फुटत नाहीत. म्हणून 'मी बोलते' हे आ-ब्लो, आब-लो नव्हे.

आता शेवट बघा. तिथे स्वर, 'न' किंवा 'स' असेल तर जोर शेवटून दुसऱ्या तुकड्यावर: आ-ब्लान (ते बोलतात) यात 'आ'वर. दुसरं व्यंजन असेल तर शेवटच्यावर: आ-ब्लार (बोलणे) यात 'ब्लार'वर. जोर याहून वेगळीकडे पडला, की तिरकी रेघ हजर.

खरी गंमत पुढेच आहे. 'पेन्सार' म्हणजे विचार करणे. 'मी विचार करते' होतं प्येन-सो, पण 'आम्ही विचार करतो' मात्र पेन-सा-मोस. पहिल्या तुकड्यावर जोर आला की 'ए'चा 'ये' होतो, जोर पुढे सरकला की 'ए' परत येतो. अशी बरीच क्रियापदं मी अपवाद म्हणून रात्र रात्र घोकली होती!

आता नवं क्रियापद भेटलं की आधी टेबलावर बोटाने ठेका धरते. पुढची टेस्ट येऊ दे, तयार आहे. तोवर एक टिप: पा-गा-मोस म्हणजे 'आम्ही भरतो' आणि 'आम्ही भरलं'सुद्धा. रूप एक, जोरही एकाच जागी. मित्रांबरोबर हॉटेलात बिल आलं की बिनधास्त वापरा!